रेकॉर्डवर आणा: फौजदारी बचावाच्या कामात नव्यानं उतरणाऱ्या वकिलांसाठी

सनद हातात आली की बहुतेकांना वाटतं, फौजदारी वकिली म्हणजे उलटतपासणी. भरलेलं कोर्ट, कठड्याला धरून उभा साक्षीदार आणि एका प्रश्नात त्याची उडालेली भंबेरी. असा दिवस वर्षातून एखादा येतो. बाकीचे दिवस अर्ज लिहिण्यात, नक्कल खात्याच्या खिडकीशी उभं राहण्यात आणि जेलच्या फाटकावर आपलं नाव पुकारायची वाट बघण्यात जातात. मी हे काम जिल्हा न्यायालयात वीसेक वर्षं करतोय. नवा ज्युनिअर आला की त्याला एकच वाक्य सांगतो, माझ्या सरांनी मला सांगितलेलं: "जे रेकॉर्डवर नाही, ते घडलंच नाही." अपिलात वर फक्त कागद जातो. तुमचा आवाज, पक्षकाराच्या पाठीवरचे वळ, त्याच्या बायकोचं रडणं, यातलं काही जात नाही.

खाली लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या कोर्टांच्या अनुभवातून. कायदा सगळीकडे तोच असला तरी "से" (समोरच्या पक्षाचं लेखी म्हणणं), "निशाणी" (कागदाला कोर्टात पडणारा क्रमांक), "रोजनामा" (कामकाजाची रोजची नोंद) हे आपल्याकडचे शब्द आहेत आणि काम याच शब्दांत चालतं.

कलमांचा गोंधळ आधी मिटवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागते आणि ते खटले अजून कित्येक वर्षं चालणार. शिवाय बार रूममध्ये आजही "तीनशे दोनची केस", "चारशे अडतीसचा अर्ज" असंच बोललं जातं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ झालंय आणि गंमत म्हणजे गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जायचं जुनं कलमही ४८२च होतं, ते आता ५२८ आहे. माझ्या एका ज्युनिअरनं या घोळात अर्जाचं शीर्षकच चुकवलं होतं. दोन्ही क्रमांकांचा तक्ता करून डायरीच्या पहिल्या पानाला चिकटवा.

पहिली पायरी: रात्रीचा फोन

"वकीलसाहेब, माझ्या मालकाला पोलीस घेऊन गेले." हा फोन बहुधा रात्री येतो. "काळजी करू नका" म्हणून तो ठेवू नका. वही घ्या आणि विचारा: नेमकं किती वाजता नेलं, कुठून नेलं, कोण आले होते, गणवेशात होते का, गाडीचा नंबर कुणी पाहिला का, कुठल्या ठाण्याचं नाव घेतलं, कुठल्या कागदावर सही घेतली का. उत्तर देणारी बाई घाबरलेली असते, तिला वेळ आठवत नाही. मग वेगळं विचारा: "टीव्हीवर काय चालू होतं? पोरं जेवली होती का? एसटी गेली होती का?" वेळ अशीच सापडते.

वेळेवर एवढा जोर का? संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. हे २४ तास तो माणूस पोलिसांच्या ताब्यात गेला तिथून मोजायचे असतात. कागदावर मात्र बरेचदा फार उशिरानं सुरू होतात. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका रिमांडमध्ये, म्हणजे कोठडी मागण्याच्या सुनावणीत, माणूस मंगळवारी दुपारी शेतातून उचललेला होता आणि अटक फॉर्मवर बुधवारी रात्री दहाची वेळ होती. गुरुवारी कोर्टात मी मोठ्या आवेशात बेकायदा ताब्याचा मुद्दा मांडला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "पुरावा?" माझ्याकडे काहीच नव्हतं.

तेव्हापासून फोनवरच घरच्यांना सांगतो: आत्ता, या मिनिटाला ११२ ला फोन लावा आणि "आमच्या माणसाला अमुक ठाण्याचे पोलीस घेऊन गेलेत" एवढं नोंदवा. मग पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेल करा, चार ओळी पुरे. गावात कुणाला जमत नसेल तर मीच करतो. त्या कॉलची आणि ईमेलची वेळ नंतर कुणाला बदलता येत नाही. पूर्वी लोक तार करायचे, त्याचीच ही नवी आवृत्ती.

पोलीस ठाण्यात

ठाण्यात जाताना सोबत कोरं वकीलपत्र, दोन पेनं आणि मोबाइलची चार्ज केलेली बॅटरी असावी. आवाज चढवायचा नाही. नवीन वकिलाला वाटतं की टेबलावर हात आपटला की पक्षकारावर छाप पडते. छाप पडतेही, पण तुम्ही गेल्यावर त्याची किंमत आत बसलेला माणूस मोजतो.

ठाणे अंमलदाराला नम्रपणे विचारा: गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कुठली, अटक दाखवली की नुसतं चौकशीला बोलावलंय? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, हे अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच सांगितलंय. ती नोटीस आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली निघते. अटक झालीच असेल तर अटक पंचनाम्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आहे का पाहा. नातेवाइकाला कळवल्याची नोंद आणि वैद्यकीय तपासणी झाली का, हेही विचारा. डी. के. बसू प्रकरणातले १९९६ चे हे निर्देश आता बहुतांशी संहितेतच आले आहेत. चौकशीदरम्यान आरोपीला वकिलाला भेटता येतं, मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसू शकत नाही. त्याच संहितेचं कलम ३८ असंच म्हणतं; त्यापेक्षा जास्त मागून वाद घालू नका, पण त्यापेक्षा कमीवर परतूही नका.

अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत दिली का, हा प्रश्न आज सगळ्यात वजनाचा आहे. मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे बंधन सगळ्याच गुन्ह्यांना लावलं. तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगितलं तरी चालेल, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे, नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. तेव्हा तो कागद मागा आणि तो नेमका किती वाजता मिळाला ते आरोपीला विचारून वहीत लिहा. आरोपी फक्त गोंडी किंवा पारधी बोली बोलत असेल आणि कारणं कार्यालयीन मराठीत असतील, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत दिली असं कसं म्हणायचं? हा युक्तिवाद करायला कचरू नका.

भेट नाकारली तर भांडत बसण्यापेक्षा जागीच अर्ज लिहा, "अमुक वाजता आलो, भेट मागितली, नाकारली", आणि पोच मागा. पोच देत नाहीत? त्याच अर्जाचा फोटो काढून ठाण्याच्या आणि अधीक्षकांच्या ईमेलवर पाठवा.

पहिला रिमांड

कोर्टात आरोपीला उभं केलं की न्यायदंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपी मान हलवतो, नाही. रोजनाम्यात ओळ पडते: तक्रार नाही. संपलं.

या प्रश्नामागे इतिहास आहे. शीला बारसे या पत्रकार महिलेनं मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटून पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ च्या त्या निकालात न्यायालयानं सांगितलं की हजर केलेल्या प्रत्येकाला छळाची तक्रार आहे का हे विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा त्याचा हक्क त्याला सांगायचा. पुढं तो प्रश्न कोर्टाच्या सवयीचा झाला, हजेरी घेतात तसा. आरोपीच्या मागे ज्यांनी मारलं तेच उभे असतात, त्यात आज पुन्हा पोलीस कोठडी मिळाली तर त्यांच्याच हाती परत जायचंय. तो "आहे" म्हणेल कसा?

म्हणून सुनावणीआधी त्याला दोन मिनिटं बाजूला घ्या. कॉरिडॉरमध्ये, पोलिसांना पाच पावलं मागं थांबायला सांगून. "कुठं लागलंय का" असं विचारू नका, "बूट काढ, तळपाय दाखव" म्हणा. मग कोर्टाला विनंती करा की पोलिसांना बाहेर थांबायला सांगून आरोपीला विचारावं. जखमा असतील तर न्यायाधीशांनी स्वतः पाहून त्यांची जागा, रंग, आकार लिहून घ्यावा आणि शासकीय रुग्णालयात फेरतपासणीचा आदेश द्यावा. हे तोंडी मागू नका. हातानं लिहिलेला अर्धं पान अर्ज द्या, त्याला निशाणी पडू द्या. अर्ज नामंजूर झाला तरी चालेल, नामंजुरीसुद्धा रेकॉर्ड असते.

रिमांड रिपोर्ट वाचायला शिका. "साथीदारांचा शोध घेणे आहे, मुद्देमाल हस्तगत करणे आहे, गुन्ह्यामागील उद्देश निष्पन्न करणे आहे" या तीन ओळी बहुतेक रिपोर्टांत असतात. दुसऱ्या रिमांडला पहिला रिपोर्ट शेजारी ठेवा. शब्द न् शब्द तोच असेल तर तोच तुमचा युक्तिवाद: मिळालेल्या तीन दिवसांत काय केलं? केस डायरी तुम्हाला बघता येत नाही, पण कोर्टानं ती बघून तपासाची प्रगती तपासावी, ही विनंती करता येते. नव्या संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी एकदमच घ्यावी लागत नाही. गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ती तुकड्यातुकड्यानं मागता येते. त्यामुळं एम.सी.आर. (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका आणि आतापर्यंत किती दिवस वापरले याचा हिशेब ठेवा.

जामीन मिळाला, माणूस आतच

जामिनाच्या अर्जावर सरकारी वकिलांचा "से" येतो, युक्तिवाद होतो, आदेश मिळतो. नव्या वकिलाला वाटतं काम झालं. पंधरा दिवसांनी आई परत ऑफिसच्या पायरीवर दिसते: "साहेब, पोरगं सुटलंच नाही."

पंचवीस हजारांचा जामीनदार कुठून आणायचा? सातबारा नाही, पगारपत्रक नाही, पाल टाकून राहणाऱ्याला रेशन कार्डाचा पत्ताही नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याच्या भावाची हमी नाकारली होती, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर जे खडसावलं ते आजही अर्जात उतरवावं असं आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढं जाऊन सांगितलं: जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेल अधीक्षकांना ईमेलनं जावा, सात दिवसांत सुटका झाली नाही तर विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं आणि महिनाभरात हमी भरता आली नाही तर कोर्टानं स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. हे सगळं आपोआप होत नाही. महिना उलटला की तुम्ही अर्ज द्या, जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) किंवा छोट्या रोख जामिनावर सोडावं म्हणून.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन हमी राहणारे लोक असतात, तुम्हाला ते पहिल्याच आठवड्यात गाठतील. दूर राहा. खोट्या सातबाऱ्यावर सुटलेला माणूस पुढं दुसऱ्या गुन्ह्यात अडकतो आणि ओळख पटवणारी सही तुमची असते.

साठावा आणि नव्वदावा दिवस

हे एवढं एकच नीट केलंत तरी वर्षाला दोनचार माणसं घरी जातील. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, गुन्हा कितीही गंभीर असो. मुदत साधारण ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९०. मोक्का (संघटित गुन्हेगारी) आणि यूएपीए (बेकायदा कारवाया) या कायद्यांत कोर्टाकडून मुदत वाढवून ती १८० पर्यंत नेता येते.

दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या रिमांडपासून मोजायचे आणि रिमांडचा दिवस धरून मोजायचे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा वाद मिटवला. म्हणजे १ मार्चला रिमांड झाला तर २९ एप्रिल हा साठावा दिवस. तोपर्यंत दोषारोपपत्र नाही, तर ३० एप्रिलला कोर्ट उघडताना तुम्ही अर्ज घेऊन दारात असायला हवं. दुपारी गेलात आणि साडेअकराला दोषारोपपत्र दाखल झालेलं असेल, तर हक्क गेला. अर्जावर तारखेसोबत वेळ घाला आणि आवक शिक्क्याजवळ कारकुनाकडून वेळ लिहून घ्या. उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००१ च्या निकालानुसार अर्ज दिला आणि हमी द्यायची तयारी दाखवली की हक्क बजावला गेला. कोर्टानं आदेशाला उशीर केला म्हणून तो हिरावता येत नाही. माझ्या ऑफिसात भिंतीवर देवाच्या फोटोखाली एक साधं कॅलेंडर आहे. कोठडीतल्या प्रत्येक पक्षकाराचा एकसष्टावा आणि एक्याण्णवावा दिवस त्यावर लाल शाईनं लिहिलेला असतो. फोनमधल्या आठवणीवर माझा भरवसा नाही.

खटला लांबलाच तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ ध्यानात ठेवा. आधी कधीच दोषी न ठरलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं, इतरांना निम्म्या काळानंतर जामिनावर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळलेत आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरी लाभ मिळत नाही.

जेलमधली मुलाखत

पहिल्या भेटीत "तू केलंस का?" विचारू नका. पोलिसांनी काय काय केलं, कुठं नेलं, कशावर सह्या घेतल्या, कुणाला सोबत उभं केलं, हे विचारा. माणूस त्यावर मोकळा बोलतो आणि खटल्याला लागतं तेही हेच. गावाचा नकाशा त्याच्याकडून काढून घ्या, वेडावाकडा का असेना. कोणाची विहीर, कुठला बांध, दिव्याचा खांब कुठं. घटनास्थळाच्या पंचनाम्यातला नकाशा त्याच्याशी जुळत नाही असं अनेकदा दिसतं.

त्याला जेलमध्ये काय काम देतात, कुठल्या बराकीत ठेवलंय हेही विचारत जा. जातीवरून काम वाटणारे आणि भटक्या-विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार समजणारे तुरुंग नियम सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात रद्द केले. नियम गेला म्हणजे सवय गेली असं नसतं.

निरोप, चिठ्ठी, पैसे, फोन, काहीही आत किंवा बाहेर नेऊ नका. एकदाही नाही.

दोषारोपपत्र तीनदा वाचा

पहिल्यांदा गोष्ट म्हणून वाचा. दुसऱ्यांदा फक्त तारखा आणि वेळा एका कागदावर उतरवा: फिर्याद, स्टेशन डायरी, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन, अटक, निवेदन पंचनामा (आरोपीनं वस्तू काढून देतो म्हटल्याचा), मुद्देमाल लॅबकडे पाठवल्याचं पत्र. सकाळी सातच्या मरणोत्तर पंचनाम्यात गुन्हा नंबर आहे आणि फिर्याद नऊची, असं दिसलं की थांबा. तिसऱ्यांदा जे नाही ते शोधा. कुणाचा जबाब नाही? झडतीचं चित्रीकरण नव्या कायद्यात सक्तीचं आहे, ते कुठंय? मोबाइलमधल्या पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का? चार साक्षीदारांच्या जबाबात एकच शुद्धलेखनाची चूक असेल, तर ते जबाब कसे तयार झाले हे वेगळं सांगायला नको. पंचांची नावं जुन्या केसेसमध्ये शोधा. काही पंच वर्षानुवर्षं तेच असतात.

कागद वाचला नाही तर काय होतं, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला, पाचजण मारले गेले. भटक्या जमातीतल्या सहाजणांना अटक झाली. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं, पुनर्विचारात, सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून भलत्याच चारजणांना ओळखलं होतं. तो कागद पहिल्या दिवसापासून होता. सोळा वर्षं.

साक्षीपुरावा

उलटतपासणीवर पुस्तकं भरपूर आहेत, मी फक्त नवखे जिथं हमखास चुकतात ते सांगतो. साक्षीदार कोर्टात नवीन काहीतरी सांगतो, जे पोलीस जबाबात नाही. तुम्ही विचारता आणि ठरलेलं उत्तर येतं: "मी पोलिसांना सांगितले होते, जबाबात तसे का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." वकील समाधानानं खाली बसतो. पण ही वगळलेली बाब अजून सिद्ध झालेली नाही. तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की त्याच्या तोंडून "साक्षीदाराने मला तसे सांगितले नाही" हे वदवून घ्यावं लागतं. तोपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात, अधिकारी बदलून गेलेला असतो आणि वकील विसरलेला असतो. म्हणून प्रत्येक साक्षीदाराच्या उलटतपासणीनंतर त्याच संध्याकाळी तपासी अंमलदाराला विचारायच्या प्रश्नांची यादी वाढवत जा.

टंकलेखकानं काय टाइप केलं ते साक्षीदार उतरण्याआधी स्क्रीनवर वाचा. "दिसले नाही" मधला "नाही" गळालेला मी पाहिलाय. न्यायाधीश वैतागले तरी चालेल, विनयानं दुरुस्ती मागा.

परिस्थितीजन्य पुराव्याची केस असेल तर शरद बिरधीचंद सारडा हा १९८४ चा निकाल पाठ हवा. पुण्यातल्या खटल्यातून आलेली ती पाच सूत्रं देशभर वापरली जातात, न्यायालयानंच त्यांना पंचशील म्हटलंय. शेवटी आरोपीचा जबाब होतो, त्याआधी त्याच्याशेजारी बसून प्रश्न समजावून सांगा. दीडशे प्रश्नांना "माहीत नाही" म्हणणं ही बचावाची संधी वाया घालवणं आहे.

कोठडीत मारहाण किंवा मृत्यू

इथं दोन रुळांवर काम चालतं, एक फौजदारी, दुसरा मानवी हक्कांचा. मृत्यू झाला असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक आहे आणि शक्य तिथं नातेवाइकांना कळवून हजर राहू द्यायचं असतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा, तेही शवविच्छेदनाआधी, लेखी. अंत्यसंस्काराची घाई होऊ देऊ नका. हे त्या घरात जाऊन सांगणं या पेशातलं सगळ्यात अवघड काम आहे.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये ते अठरा महिने, निदान एक वर्ष तरी साठवायला सांगितलंय. "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. राज्य मानवी हक्क आयोगाकडे जायला घटनेपासून एक वर्षाची मर्यादा आहे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा कोठडीत मृत्यू झाला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. तिथं शवविच्छेदन अहवाल आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी हे कागद हाताशी होते, ही गोष्ट ध्यानात घ्या. रिट कुठं करायची ते जिल्ह्यावरून ठरतं. मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि गोवा यांच्या जोडीला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, सांगली-सोलापूरच्या माणसाची रात्रीची गाडी त्यामुळं वाचली.

तडीपारीच्या नोटिसा हेही याच कामात येतं, फक्त त्याला कुणी मानवी हक्क म्हणत नाही. निवडणूक आली की कार्यकर्ते आणि वस्तीतली पोरं यांच्यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली प्रस्ताव निघतात. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणातला २०२२ चा निकाल जोडा. गुप्त साक्षीदारांचे जबाब अधिकाऱ्यानं खरंच पडताळले का, दोन वर्षांची कमाल मुदत का लावली, हे विचारा.

फी, धमक्या आणि इतर

कोठडीतला कुणीही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाला पात्र असतो. १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक पक्षकाराच्या घरच्यांना पाठ करायला लावा. तुम्हीही प्राधिकरणाच्या यादीवर नाव घाला. मानधन थोडं आणि उशिरा येतं, पण सत्र खटले चालवायला मिळतात. फी घेतली तर पावती द्या. "उद्या सोडवतो" असं कधीच म्हणू नका, "उद्या अर्ज देतो" म्हणा.

कधीतरी तुमचीच बार असोसिएशन ठराव करील की अमक्या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये स्पष्ट केलंय. चहाला कुणी बोलावणार नाही, काही महिने. मुंबईत कुर्ल्याला शाहिद आझमी या वकिलाची ११ फेब्रुवारी २०१० ला त्याच्याच ऑफिसात हत्या झाली, म्हणून धमक्यांकडे दुर्लक्ष करू नका. आलेली प्रत्येक धमकी तारीख-वेळेसह लिहून पोलिसांना आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना कळवा.

निकालानंतर

निर्दोष सुटला की पेढे येतात. पेढे घ्या आणि दुसऱ्याच दिवशी निकालाच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. जप्त झालेली मोटारसायकल, मोबाइल परत मिळवण्याचा अर्जही सोबत द्या, नाहीतर ठाण्याच्या आवारात गंजलेलं वाहन घ्यायला कुणी येत नाही. निकालाविरुद्ध अपील झालं तर हजर राहीन असा सहा महिन्यांचा बाँड द्यावा लागतो, तो समजावून सांगा.

एका पारधी बाईला मी निकालाच्या शेवटच्या पानाची नक्कल लॅमिनेट करून दिली होती. तिनं ती पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी ठेवली. वर्षभरानं शेजारच्या गावात चोरी झाली आणि पोलीस तिच्या पालावर आले, नेहमीप्रमाणे. तिनं पेटी उघडून कागद पुढं धरला. त्यांनी तिच्या नवऱ्याला तरीही नेलं. पण तिनं आधी ११२ ला फोन लावला होता आणि मग मला. तो संध्याकाळी चालत परत आला.